मोटारसायकलीचा पोळा

बैलजोडी विकून मोटारसायकल घ्यायची, हा निर्णय मी एकट्याने घेतला. (घरातले बाकीचे निर्णय आमची सत्यभामा घेते, त्यामुळे ते बरोबर येतात.) त्या साली कपाशीला भाव बरा आला होता. चिखलीत महादेवराव वकिलांचा मुन्शी म्हणून माझा थोडाफार दबदबाही होता. अशातच खामगावला एका शेठच्या दुकानात, शिलाईच्या मशिनी आणि ग्रामोफोन यांच्या मधोमध, मला 'ब्रॅम्बल्टन' कंपनीची हिरवीगार मोटारसायकल दिसली. तिला बाजूला एक डबा जोडलेला होता. डब्याला स्वतःचे चाक होते, गादी होती, वारा अडवायला काच होती.

"यात वैनीसाहेब बसेल," शेठ म्हणाला, "रानीसारखी बसेल."

मी पाघळलो. आमची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, आणि तिचे दोन्ही बैल मेहकरकडच्या एका पाटलाने नेले. बैल जाताना सत्यभामा अशी रडली, की माझी मुंज, लग्न, टायफॉइड यांपैकी कशातही ती कोणासाठी इतकी रडली नसेल. (मुंजीत ती नव्हती, हे मान्य.)

"माह्या बहिनीचं लग्न हाय संग्रामपूरले, तुळशीचं लग्न झालं का लगेच," ती म्हणाली. "तवा मी काय या डब्यात बसून जाऊ?"

"हाव! बैलाच्या आधी नाई पोचवली तं नाव सांगनार नाई. अवं, तू यालेच आपली बैलजोडी समज."

हे मी सहज बोललो. नवरे पुष्कळ गोष्टी सहज बोलतात आणि विसरून जातात. सत्यभामा विसरत नाही.

गाडी मात्र गुणी निघाली. श्रावण तिने सुखात काढला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, ऊन पाण्याने शेकायचे आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या संध्याकाळी मी कचेरीतून आलो, तर सत्यभामा वाटी घेऊन मोटारसायकलीच्या हँडलच्या दोन्ही टोकांना तूप-हळद चोळत होती. मग तिने पदर सावरला, वाकली आणि भोंग्यात तोंड घालून आवतण दिले.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"तुमीच म्हनले नं, हेच बैल म्हून? मंग यायचे खांदे नको शेकाले?"

मला भरून आले. बाईने गाडीला आपली म्हटले, आता घरात शांतता, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी मी गावच्या तोरणाखाली लोकांचे बैल पाहायला गेलो आणि ज्याला त्याला बैल ही चीज कशी कालबाह्य झाली आहे ते समजावून सांगितले. घरी येऊन पुरणपोळ्या अशा हाणल्या की धोतर सैल करून आडवा झालो, तो दिवेलागणीलाच उठलो.

पोळा संपला आणि कोर्टाची तारीख आली. मी महादेवराव वकिलांना डब्यात बसवून मेहकरच्या रस्त्याला लागलो. वकीलसाहेब खुशीत होते. त्यांनी वाटेतल्या गुराख्यांचे रामराम सुद्धा घेतले. एवढ्यात गाडीच्या पोटातून असा आवाज आला की जणू कोणी कढईत खलबत्ता टाकला. चाक जागच्या जागी आवळले, गाडी आडवी घसरली आणि रस्त्याकडेच्या काळ्या चिखलात डबा निम्मा रुतला. वकीलसाहेब डब्यातच होते.

"भगवानराव," ते शांतपणे म्हणाले, "मले बाहेर काढा. मंग बोलू."

तारीख हुकली. निवृत्ती नावाचा एक शेतकरी कपाशीच्या वावरातून धावत आला आणि त्याने आपल्या बैलगाडीला दोर बांधून आमची मोटारसायकल चिखलीत आणली. ज्या लोकांना मी तोरणाखाली व्याख्यान दिले होते ते सगळे वाटेत उभे होते. एकही जण हसला नाही. हसले असते तर बरे झाले असते.

खामगावहून शेठ आला. त्याने इंजिन उघडून पाहिले. आतला पिस्टन जळून नळकांड्याला चिकटून बसला होता.

"तुमी तेल नाय घातला," शेठ म्हणाला.

"टाकी पाहा! गळ्यापर्यंत तेल हाय!"

"टाकीमधे हाय. इंजिनमधे नाय. कंपनीची जिम्मेदारी नाय."

झाले! मी वकिलाचा मुन्शी. विलायतेला कंपनीकडे असे पत्र धाडले की त्यात 'व्हेअरॅज' आणि 'हिअरइनबिफोर' यांची नुसती पंगत बसली होती. कंपनीचे उत्तर आले ते एका ओळीचे, तेल घालत जावे. माझे डोके फिरले. मी रीतसर पंचनामा केला. गावातल्या पाच प्रतिष्ठित पंचांनी एकेक करून टाकीत बोट बुडवले, तेल असल्याची खात्री केली आणि बोट माझ्या धोतराला पुसले. शुक्रवारच्या बाजारात मी जाहीर केले, "नवं इंजिन फुकट नाई आनलं तं मुन्शीगिरी सोडीन!"

असे बोलून तर बसलो, पण रात्री झोप लागेना. बैल गेले होते आणि गाडी ओट्यापुढे मुकी उभी होती. संग्रामपूरचे लग्न तोंडावर आले होते. सत्यभामा रोज सकाळी झाडताना गाडीभोवतीची जागा गोठा समजून जास्तच नीट झाडत होती. मला फार वाईट वाटायचे.

दसरा झाल्यावर कंपनीचा टिंबरेलसाहेब दौऱ्यावर आला आणि शेठला घेऊन आमच्या दारात उतरला. अर्धी चिखली जमली. वकीलसाहेब माझ्या बाजूने ओट्यावर बसले. साहेबाने बाह्या सरसावल्या. टाकीतून इंजिनात तेल नेणारी बारीक नळी त्याने सोडवली, उजेडात धरली, मग तार घालून ढकलले. नळीतून पिवळट तपकिरी असा चिकट गोळा बाहेर आला.

मी याच क्षणाची वाट पाहत होतो. मी उभा राहिलो.

"पाहा! नळी बुजलेली होती! हा कारखान्यातला मळ. यायनं माल न धुता, न पुसता जहाजात चढवला!" मी गोळा हातात घेतला, हुंगला. "हा वास आपल्या मुलखातला नाईच. हा विलायती मळ हाय, मी कोर्टात शपथेवर सांगतो!"

(पोळ्याच्या दिवशी याच वासावर मी पोळ्या कशा हाणल्या होत्या ते मी मघाशी सांगितलेच आहे.)

साहेबानेही हुंगला. त्याच्या भुवया वर गेल्या. "कार्डमम!" तो म्हणाला.

लोक माझ्याकडे पाहू लागले. इंग्रजी कळणारा म्हणून माझी ख्याती होती. "कार्डमम," मी म्हणालो, "म्हंजे विलायतेतला एक हलका धातू. त्याचाच हा कीट."

"अरे भाई," शेठ ओरडला, "इलायची! साहेब इलायची बोलला!"

दाराआडून बांगड्या वाजल्या. "इलायची?" सत्यभामा पदर सावरत उंबऱ्याशी आली. "अवो, मंग ते माह्यं पुरन असन."

ओट्यावरचे सगळे उंबऱ्याकडे वळले.

"पोळ्याले घास चारला नं मी," ती म्हणाली. "टाकीले झाकनाची दोन तोंडं हायेत. एकाले राकेलासारखा वास येऊन राह्यला होता. म्हनलं, याचं पोट बिघडलं, याले नको. दुसऱ्याचं तोंड चांगलं तेलकट होतं, त्याले चारला. वरून तूप घातलं. सगळं गिळलं त्यानं."

"साहेब!" शेठ आनंदाने उडाला. "कस्टमरने रोटी डाली! केस खतम!"

केस खरोखरच खतम होती. मी खाली बसलो. वकीलसाहेब ओट्याच्या आढ्याकडे असे बघत होते, की जणू आढ्याचाच दावा त्यांच्याकडे आला आहे. माझी मुन्शीगिरी गेली, गाडी गेली, आणि बहिणीच्या लग्नाला ही बिचारी पायी जाणार, एवढेच माझ्या डोक्यात फिरत होते.

पण सत्यभामा उंबऱ्यावरून हलली नाही.

"थांबा नं शेठ. मले एवढं सांगा, घास घालाचा नव्हता तं एवढं मोठं तोंड काऊन ठेवलं? बरोबर पुरनाचा घास बसते त्यात. माहे बैल मुके होते, पन नको असलं तं मान फिरवत. याची मान फिरत नाई, बोलता येत नाई, मंग याले काय चालते अन् काय नाई, हे बनवनारानं नको लिहाले? दोन्ही झाकनं सारखी. एक अक्षर नाई त्याच्यावर. उद्या एखादी पेट्रोलच्या जागी ताक ओतीन, मंग?"

साहेबाने काय चालले आहे ते विचारले. मी तोंड उघडले, पण वकीलसाहेबांनी मला हाताने बसवले आणि स्वतः इंग्रजीत सांगितले. साहेबाने दोन्ही झाकणे काढली, उलटसुलट पाहिली, हाताने पुसून पाहिली. खरेच, अक्षर नव्हते. तो आधी गालात हसला, मग पोट धरून हसला. शेवटी टोपी काढून उंबऱ्याकडे पाहत म्हणाला, बाईंचे म्हणणे रास्त आहे, चूक कंपनीची. नवा पिस्टन आणि नळकांडे कंपनीच्या खर्चाने येतील.

नंतर त्याने हळूच विचारले, की ते जे इंजिनात घातले होते, ते ताजे मिळेल काय? सत्यभामेने तिथल्या तिथे डाळ शिजत घातली. साहेबाने मांडी घालून पुरणपोळी खाल्ली, आणि त्याच्या इंजिनाला काही झाले नाही.

पिस्टन आला. तुळशीचे लग्न झाल्यावर आम्ही संग्रामपूरला गेलो. डब्यात गादीवर सत्यभामा बसली होती, मांडीवर बहिणीचा शालू, डोक्यावर पदर घट्ट आवळलेला, आणि समोरून सातपुड्याकडून येणारा गार वारा. "बैल बरे होते," ती एकदा म्हणाली, पण हसत म्हणाली. मला फार बरे वाटले. पुढे कंपनीने 'तेल' अशी मराठी अक्षरे कोरलेली झाकणे धाडली. ती माझ्या पंचनाम्यामुळे आली, असे मी बाजारात सांगायला सुरुवात केली. लोकही मान डोलवत होते. मुन्शीगिरी सोडायची कोणी आठवण काढली नाही, तेव्हा मीही काढली नाही.

मग एका सकाळी अमडापूरचे उकंडराव धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा दावा घेऊन थेट माझ्या घरी आले. वकिलांकडे न जाता आधी माझ्याकडे! मी त्यांना ओट्यावर घोंगडी घातली, दौत-टाक पुढे ओढला आणि आवाज खाली आणून म्हणालो, "बोला उकंडराव. मनात काही ठेवू नका."

उकंडराव माझ्या खांद्यावरून आत डोकावले.

"बाई हायेत घरी?"

"हायेत. चुलीपाशी."

"होऊ द्या त्यायचं निवांत. मी बसतो," असे म्हणून त्यांनी पागोटे काढले आणि माझ्या कागदांवर ठेवले. "तवर मुन्शीजी, तुमी पानी तं पाजा."