डिकीचं झाकण

"या घरात एक चुंबक मिळू नये म्हणजे कमाल झाली," फ्रिजसमोर उभा राहून वेंडेल पुटपुटला. नातवंडांचे फोटो जमिनीवर पसरले होते.

"धुवायला टाकलीत," नोरीन म्हणाली.

"चुंबक? धुवायला?"

"मग, धूळ काय फक्त तुझ्या गाडीवर बसते?"

चुंबकं नोरीनने पिठाच्या डब्यात लपवली होती, आणि त्यांना तिथे वेंडेलच्याच तोंडाने पोचवलं होतं. बत्तीस सालची ती फोर्ड त्याने एका शेतकऱ्याच्या कोठारातून आणली, तेव्हा आत कोंबड्या नांदत होत्या. नोरीनचा भाऊ मर्ल म्हणाला होता, "हा सांगाडा फेक. फायबरची बॉडी आणू. हलकी, गंजायची भानगड नाही."

"फायबर म्हणजे न्हाणीतला टब! टबात बसून गावातून फिरू? पोलाद ते पोलाद."

एवढ्यावर भागतं तर ठीक. पण कॅन्ससातल्या जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात तो खिशात चुंबक घेऊन हिंडायचा. कुणाच्या फायबरच्या गाडीवरून ते न चिकटता घसरलं की मालकाला विचारायचा, "झाली का अंघोळ?" गेल्या वर्षी लॉइडला त्याने हे चारचौघांत विचारलं होतं.

मग वेंडेलचा खुबा बदलला. तो दवाखान्यात असताना मर्लने डिकीच्या झाकणावर गंज काढायचं यंत्र धरलं, आणि झाकण पापडासारखं मोडलं. "इतक्यात सांगू नकोस त्याला," नोरीन म्हणाली. मर्लने गुपचूप फायबरचं झाकण बसवलं, वर काळा रंग मारला.

घरी आल्यावर वेंडेलने ते एका हाताने उचललं. "हलकं झालंय."

"बिजागऱ्यांना तेल घातलंय," मर्ल म्हणाला.

"झकास तेल आहे."

आणि आज मेळावा. नोरीन खुर्ची टाकून डिकीला पाठ लावून बसली. थोड्याच वेळात लॉइड आला, स्वतःचं चुंबक घेऊन. बॉनेट, टक्. दार, टक्.

"नोरीन, जरा सरकता?"

"मला चक्कर येतेय."

"सावलीत बसा मग."

"सावलीतच येते मला."

मर्लने धावत सरबत आणलं आणि ते लॉइडच्या बुटांवर सांडलं. लॉइड हलला नाही.

"ऊठ गं नोरीन," वेंडेल म्हणाला. "लॉइड, खाली वाकू नकोस उगाच. फायबरचं आहे ते."

मर्लचा चेहरा पडला. "तुला माहीत होतं?"

"तेल घालून पोलाद हलकं होतं होय रे? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग सकाळी चुंबक कशाला शोधत होतास?" नोरीन म्हणाली.

"लपवायला."

लॉइडने वर्षभर जपून ठेवलेला प्रश्न विचारायला तोंड उघडलं. पण वेंडेल झाकणावरून हात फिरवत होता.

"इतके दिवस बोललो नाही," तो म्हणाला, "कारण पोलादाचं मला आता उचलवलं नसतं."