अकरा अंड्यांचा कौल

कोंबडी खुडूक बसली की तिचा तुरा रोज थोडा थोडा फिका होत जातो. पद्मावतीने हे नीट पाहिलं होतं. टोपलीत बसवली त्या दिवशी तो पिकल्या रातांब्यासारखा लाल होता. आज सोलकढीत पाणी जास्त पडावं तसा दिसत होता. उचलून पाहावं तर हातात कोंबडी कमी आणि पिसंच जास्त! ही कोंबडी तिने माहेराहून, बांद्याहून, मांडीवर बसवून आणलेली. सासरच्या घरात ‘माझी’ म्हणावी अशी तेवढी एकच. आणि तीच आता न खाता-पिता अंड्यांवर जीव देत होती.

अंडी मात्र शेजारच्या काशीबाईची. कोंबडी ह्यांची, अंडी त्यांची, पिल्लं निम्मी निम्मी, असं पद्मावतीच्या सासऱ्यांनी, आबांनी, परस्पर ठरवून टाकलं होतं. अंडी अकरा, कारण सम आकड्याने बसवायची नाहीत. टोपलीत गवत, ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा, आणि वर आबांची ग्वाही!

“माझ्या हातान बसवलेला एक अंडा आजपर्यंत फुकट जावक नाय! एकविसाव्या दिवशी मोजून अकरा पिलां!”

“म्हणजे माका सा,” काशीबाई म्हणाली.

“सा कशी? पाच!”

“अंडी कोणाची?”

“कोंबी कोणाची?”

अकराव्या पिल्लावरून दोघांचं तीन दिवस बोलणं बंद होतं. कोंबडी तेव्हा बसून पुरता आठवडाही झाला नव्हता.

दिवस मोजायला आबा पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत. एकवीस रेघा झाल्या. टोपलीतून चिवचिव नाही. चोवीस झाल्या, तरी नाही!

“काढून टाकूया,” आबा म्हणाले.

“माझी अंडी? हात लावून बघा!” काशीबाईने पदर खोचला.

पद्मावती भिंतीजवळ गेली. रेघा दोन जातींच्या होत्या. चौदा जाड आणि सरळ. दहा बारीक, डावीकडे कललेल्या.

“काकी,” तिने हळूच विचारलं, “तुमी पण रेघ मारतास?”

“मगे? ह्या म्हाताऱ्याच्या मोजणेर माझी अंडी सोडू?”

“आणि रोज मारतास?”

“बाजाराच्या दिवशी नाय. आणि आठवला नाय तर नाय.”

आबाही मग कबूल झाले की अधूनमधून त्यांचंही राहून जायचं. पद्मावतीने स्वतः मोजलं नव्हतं. भिंतीवर लिहिलेलं असताना डोक्यात कशाला ठेवायचं! कोंबडी बसवली तो सोमवार होता, एवढं तिघांनाही पक्कं आठवत होतं. कुठला सोमवार, ते मात्र एकालाही नाही. आज बुधवार. म्हणजे एकतर सोळा दिवस झाले होते, नाहीतर तेवीस. सोळा असतील तर अंडी टाकणं म्हणजे जिवंत पिल्लं टाकणं. तेवीस असतील तर आणखी बसवणं म्हणजे कोंबडी मारणं.

“उजेडात धरून बघूया!” आबांनी फर्मान काढलं. माजघराची दारं लावली. कौलातल्या भोकातून उन्हाचा कवडसा येत होता, त्यात आबांनी अंडं धरलं आणि ते ओरडले, “दिसलो! पिलाचो डोळो दिसलो!”

“तो तुमचो आंगठो,” काशीबाई म्हणाली.

मग तिची पाळी. कोमट पाण्यात अंडी सोडायची. आत जीव असेल तर ती आपोआप हलतात. घमेलं आलं, अंडी सोडली, आणि अकराच्या अकरा हलायला लागली!

“बघा! बघा! अकराय जिती!” काशीबाई घमेल्यावर ओणवून नाचायचीच बाकी होती. तिचं ढोपर घमेल्याला लागलेलं होतं. पद्मावतीने ते अलगद बाजूला केलं. पाणी थांबलं. अंडीही थांबली.

“आता झोपली,” काशीबाई म्हणाली.

शेवटी आबा म्हणाले, “देवाक इचारूया. कौल लावूया!”

देवळात गंगाराम गुरवाने पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. आबांनी हात जोडले.

“म्हाराजा, अंडी काढूची काय?”

उजवी पडली! आबांनी मिशी पुसली. तेवढ्यात काशीबाई पुढे घुसली. गंगारामाने कुरकुरत पाकळ्या पुन्हा लावल्या.

“म्हाराजा, अंडी रवांदेत काय?”

उजवी पडली!

“देव पण गोंधळलो!” आबा म्हणाले.

“देव कित्याक गोंधळात? तुमी उलटसुलट इचारतास!” गंगाराम वैतागला. “अंडी कोणाची?”

“माझी,” काशीबाई.

“तुझी? अगो, पौषात गावराखण्या देवचाराक राखणेचो कोंबो कापलो, तो कोणाचो?”

“माझोच! एकुलतो एक होतो!”

“तंगडी माका इली,” आबांनी अभिमानाने भर घातली.

“मगे आता फाल्गुन सरत इलो! कोंबो तुमी पौषात खाल्लास, तर ह्या अंड्यांत पिलू घातल्यान कोणी?”

पद्मावतीने बोटांवर महिने मोजले. कोंबडा गेल्यावर निदान महिनाभराने घातलेली अंडी! चला, निदान एक गोष्ट तरी नक्की झाली, असं तिला वाटतंय न वाटतंय तोच काशीबाई म्हणाली, “पलीकडल्या बाबलीचो कोंबो येता माझ्या परड्यात. कुंपणावरसून.”

“कधी?”

“येता असो मधीच.”

“म्हणजे बाबलीक इचारूक होया,” आबा म्हणाले. “पण काशी, कोंबो तिचो ठरलो तर तीय वाटो मागतली!”

“म्हणजे अकराचे तीन वाटे?”

“चार, चार आणि तीन.”

“तीन कोणाक?”

घरी पोचेपर्यंत हेच चाललं. पडवीत टेकल्यावरही हेच. बाबलीकडे उद्या जायचं, की आधी वाटे ठरवून मग परवा जायचं, असा आता नवा प्रश्न निघाला होता. पद्मावतीने टोपलीपाशी पाण्याची करवंटी ठेवली. कोंबडीने मान उचलली नाही. पद्मावतीने करवंटी चोचीला लावली. पाणी बाजूने ओघळलं.

लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण सासऱ्यांपुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. ती वाकली, कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि तिला काखेत घेऊन उभी राहिली.

“गो पद्मा, कोंबी खंय नेतंस?” आबा दचकले.

“तिनाचो आकडो माका नको!” काशीबाई अजून तिकडेच होती.

“कोंबी माझी,” पद्मावती म्हणाली, आणि तो आवाज बाबलीच्या परड्यापर्यंत गेला. “ती आता उठली. अंडी तुमची. ज्येका पिलां होयी आसत, त्येणा टोपलेत बसाचा!”