आत्मचरित्राला कुलूप

'चुकीचा पासवर्ड. चार संधी शिल्लक.' स्क्रीनवर अक्षरं उमटली आणि निवृत्त मुद्रितशोधक खुर्चीत ताठ बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक सहजासहजी पचत नाही. त्यांनी तोच पासवर्ड पुन्हा टाकला, या वेळी जरा दमात घेऊन. तीन संधी उरल्या.

कुलपात त्यांचं आत्मचरित्र होतं. तीन वर्षांची मेहनत, चारशे पानं. नातेवाइकांबद्दल खरं खरं लिहिलं असल्यामुळे ते बायकोच्या हाती लागणं धोक्याचं होतं. म्हणून त्यांनी जावयाकडून फाइलला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. 'पाच वेळा पासवर्ड चुकल्यास फाइल कायमची नष्ट करायची का?' असं सॉफ्टवेअरनं विचारलं, तेव्हा यांनी मोठ्या हौसेनं होकार दिला. सोमवारी त्याच सॉफ्टवेअरनं पासवर्ड बदलायला लावला. आज गुरुवार होता.

त्यांनी जावयाला फोन लावला.

"बाबा, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत असेल ना?"

"होती. तीही याच सॉफ्टवेअरनं पुसली. कोणाच्या हाती लागायला नको म्हणून."

"मग ती गेलीच. पुसलेल्या जागेवर ते सात वेळा शून्यं गिरवतं."

"एवढं मन लावून काम करतं?"

"पासवर्ड काय होता, थोडंफार तरी आठवतंय का?"

"एक स्वल्पविराम होता. एवढं नक्की."

जावयानं फोन ठेवून दिला.

तेवढ्यात बायको वाळलेल्या चादरी घेऊन आली. "फाइल उघडत नाही? माझी जन्मतारीख टाकून बघा."

आता नाही कसं म्हणणार? त्यांनी टाकली. दोन संधी उरल्या.

"ही माझ्या धाकट्या बहिणीची," ती शांतपणे म्हणाली आणि आपली सांगितली. ती न टाकण्याची त्यांची छाती नव्हती. एक संधी उरली.

आता मात्र त्यांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. आईच्या आठवणी, छापखान्यातले पहिले दिवस, सगळं एका चुकीच्या बोटानं पुसलं जाणार होतं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

बायकोनं चादरी ठेवल्या, कीबोर्ड ओढला आणि स्वल्पविरामासकट एक ओळ मोठ्यानं म्हणत टाइप करून थांबली.

"अगं, हाच तर होता! तुला कसा ठाऊक?"

"छापखान्यात जन्मभर विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचलंत, ती सवय जाते कुठे? सोमवारी पासवर्ड ठरवताना तीनदा म्हणालात. शेजारणीलाही पाठ असेल."

"म्हणजे तू वाचलंस?" त्यांनी विचारलं. "तुझ्या भावाबद्दलचं पण?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. त्याच्यावर सतरा पानं आहेत आणि त्यातला एक शब्द खोटा नाही. माझ्यावर दीड पान. त्यातलं एक, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुमचे जेवणाचे कसे हाल झाले, त्याचं."

मुद्रितशोधकांना या वाक्यात काढण्यासारखी एकही चूक सापडली नाही.

"पासवर्ड माहीत होता, तर आधीच का नाही सांगितलास?"

"एकच संधी उरल्याशिवाय तुम्ही माझं ऐकलं असतंत?" तिचं बोट एंटरवर होतं. "माझ्यावर एक प्रकरण लिहायचं. पूर्ण. कबूल?"

"कबूल."

तिनं बोट दाबलं. फाइल उघडली. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून नवं पान घेतलं, तोवर ती दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसली होती.

"लिहा," ती म्हणाली, "मी सांगते."