मोदकपात्रातला मोबाइल

आमच्या सिल्व्हर पार्कात शास्त्रीय दृष्टीचा माणूस एकच. तो कोण, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणार नाही. मोबाइलचे किरण मेंदूत शिरतात, तिथून जीन्स उसवतात आणि पुढच्या सात पिढ्या बिघडतात, हे सोसायटीत सगळ्यात आधी मला कळलं, एवढंच सांगतो. हे सांगणारा व्हिडिओ पाऊण तासाचा होता. मोबाइल नाकाजवळ धरून मी तो दोनदा पाहिला!

लगेच घरात फर्मान काढलं. दोन दिवस प्रयोग म्हणून सगळे फोन धातूच्या भांड्यात बंद. आमच्याकडे सगळ्यात घट्ट झाकणाचं भांडं म्हणजे मोदकपात्र. गणपती सोडले तर वर्षभर ते माळ्यावरच असतं. मी फोन बंद करून त्यांना चपात्यांच्या फॉइलचे तीन पदर गुंडाळले, पात्रात ठेवले आणि झाकणावरून सुतळी आवळली. ऑफिसातल्या साहेबांचा फोन लागणार नाही म्हणून चिरंजीव रोहितने आनंदाने मोबाइल दिला. सुगंधा, म्हणजे आमची सौ., मात्र फोन पाठीमागे धरून उभी राहिली.

"मी येणाऱ्या पिढ्यांचे जीन्स वाचवतोय," मी म्हणालो.

"तुमच्या घराण्याच्या जीन्समध्ये बिघडायला अजून काही शिल्लक आहे का?" असं विचारत तिनेही फोन दिला.

दोन दिवस घरात अशी शांतता होती की मला माझा मेंदू वाढल्यासारखा वाटू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडणार होतं. आमचं गाव संगमेश्वरकडे. घरचा गणपती चार भावांत फिरतो आणि चार वर्षांनी यंदा पाळी आमची. यजमानच पोचला नाही तर गणपती बसवायचा कोणी? तिकीट हुकलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, हे सुगंधाने आदल्या रात्री तीनदा बजावलं होतं.

आठ वाजले. रोहितने लॅपटॉपवर नावं भरली. सीट शिल्लक होत्या.

"पप्पा, ओटीपी सांगा."

ओटीपी माझ्या फोनवर येणार होता आणि फोन मोदकपात्रात! मी धावलो. गाठ मी मारलेली, त्यामुळे ती सुटेना. सुगंधाने सुरी आणून सुतळी कापली. मग फॉइल फाडा, फोन चालू करा, रेंजची वाट बघा. रेंज आली ती दोन दिवसांचे तुंबलेले गुड मॉर्निंग घेऊन. त्यांच्या मागून धाकट्या भावाचे, जितेंद्रचे, अकरा मिस्ड कॉल आले आणि सगळ्यात शेवटी ओटीपी. तो मी चष्मा शोधून वाचेपर्यंत रोहितने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वेटिंग तीनशे बारा.

संध्याकाळी जितेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "काम झालं, दादा. आता आलास की दाखवतो."

तीनशे बाराचं शेवटपर्यंत काही झालं नाही. एसटीची मागची सीट मिळाली. पंधरा तास मोदकपात्र माझ्या मांडीवर होतं. ती शिक्षा सुगंधाने दिलेली.

पोचलो आणि बघतो तर घरामागे, यजमानाच्या खोलीच्या खिडकीला लागून, माडापेक्षा उंच मोबाइल टॉवर!

"जागा तुझ्या वाटणीची, म्हणून दोन दिवस तुलाच फोन लावत होतो," जितेंद्र अभिमानाने म्हणाला. "वहिनीचा लागेना, रोहितचाही लागेना. म्हटलं, मौन म्हणजे संमती."

गणपती माझ्या हातून वेळेवर बसला. पण दहा रात्री मी उशी खिडकीपासून लांब ओढत होतो आणि सुगंधा ती परत जागेवर ठेवत होती.

परतीचं तत्काळ तिकीट काढायला बसलो तेव्हा ओटीपी डोळ्याची पापणी लवायच्या आत आला. तीन तिकिटं कन्फर्म! सुगंधाचं लक्ष नाही असं बघून मी मागे गेलो आणि टॉवरला हळूच हात जोडले.

तिचं लक्ष होतं.