पूजेत ठेवलेल्या बंदुका

खंडेनवमीच्या सकाळी गोपाळराव सुभेदार यांनी आपली एकनळी बंदूक देवघरातल्या चौरंगावर आडवी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, आणि उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हिला कोणीही हात लावायचा नाही, असे घरातल्यांना बजावले. घरातली म्हणजे पत्नी प्रयागबाई आणि कन्या सुमती. त्या दोघींनी बंदुकीला आजवर कधीच हात लावलेला नव्हता. खुद्द गोपाळरावांनीही तो तेलफडक्यापुरताच लावला होता.

परंतु या बंदुकीसाठी गोपाळरावांनी जे सोसले, ते रणांगणावरच्या शिपायानेही सोसले नसते. शहराच्या महाल भागात एका पावसाळ्यात चोरांनी तीन घरे फोडली, तेव्हा त्यांनी परवान्याचा पहिला अर्ज केला. हयातभर कचेरीत नाझर म्हणून इमानाने राबलेल्या माणसाला त्याच कचेरीने दोन वर्षे उंबरे झिजवायला लावले. सातव्या अर्जात त्यांनी लिहिले, ‘चोरास शस्त्र बाळगण्यास परवाना लागत नाही; साव मात्र परवान्यावाचून मरण्यासही मोकळा नाही, हा न्याय कोठला?’ या वाक्याने साहेब विरघळले की कंटाळले हे कळले नाही, पण परवाना मिळाला. आता मार्गशीर्षात सुमतीचे लग्न होते, आणि तिच्या अंगावर घालायची सोन्याच्या पुतळ्यांची माळ माजघरातल्या लोखंडी पेटीत होती. ती माळ गेली असती, तर लग्नही गेले असते.

गल्लीत दुसरी बंदूक होती ती शेजारच्या मारोतरावांची. हे मूळचे सावनेरचे, कापसाचे व्यापारी. ते सकाळीच गोपाळरावांच्या ओसरीवर येऊन बसले होते.

“गोपाळराव, दोन्ही बंदुका एकदमच पूजेत काहून ठेवता? तुमची ठेवा, माही बाहेर असू द्या. चोराले काय पंचांग समजत नाही?”

“मारोतराव, मुद्दा पहिला. शस्त्रपूजन म्हणजे सर्व शस्त्रांचे पूजन. एक देव्हाऱ्यात आणि एक खुंटीला, ही पूजा नव्हे, तडजोड आहे. मुद्दा दुसरा—”

मुद्दे चौदा झाले. नवव्या मुद्द्याला मारोतरावांना भूक लागली, बाराव्याला त्यांच्या घरून दोनदा बोलावणे आले, आणि चौदाव्याला त्यांनी हात जोडले. “ठेवतो बावा. माही बी पूजेत ठेवतो. पण मले पटलं नाही, हे ध्यानात ठेवा.”

तिसऱ्या प्रहरी प्रयागबाई आणि सुमती देवीच्या दर्शनाला गेल्या. देवघरातला दिवा विझू नये म्हणून गोपाळराव घरी राहिले, आणि झोपाळ्यावर त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा समोर उंबऱ्यावर एक धिप्पाड माणूस पायांतले जोडे काढून नीट जोडीने ठेवत होता.

“कोण रे तू?”

“म्या कवडू, जी. चोरी कराले आलो.”

“चोरी? दिवसाढवळ्या? समोरच्या दाराने?”

“मागचं दार बंद हाय ना, जी.”

गोपाळराव ताडकन उठले. “माझ्याकडे बंदूक आहे, ठाऊक आहे का तुला?”

“ठाऊक हाय म्हणून तर आज आलो. गल्लीत दोन बंदुका, अन् दोन्ही आज पूजेत. असा दिस वर्षातून एकच येते.”

गोपाळरावांचे मस्तक फिरले. चोराने घरात शिरावे हा अपराध खरा. पण त्याने शास्त्राचा आधार घेऊन शिरावे, हा अपराधाचा कळस होता. “नालायका, धर्माच्या आडून चोरी करतोस?”

“आडून कायले, जी? म्या बी धर्म पाळतो. माही पहार घरी पूजेत हाय. नाही तं म्या असा हात हलवत आलो असतो काय?”

क्षणभर गोपाळरावांना त्याच्याविषयी आदर वाटला, आणि पुढच्याच क्षणी त्या आदराचा त्यांना संताप आला. तोवर कवडू माजघरात जाऊन पेटीचे कुलूप चाचपून आला होता.

“तुमच्या घरी पहार असंन ना?”

“पूजेत आहे.”

“कुऱ्हाड?”

“पूजेत.”

“विळा, अडकित्ता, कायबी?”

“सर्व पूजेत! आमच्याकडे अर्धवट कारभार नसतो.”

“लई कडक बुवा तुमी,” कवडू खरोखरीच हिरमुसून म्हणाला. “मंग चाबी कुठी हाय?”

“मंडळींच्या कमरेला,” गोपाळराव म्हणाले, आणि जन्मभराच्या बिनचूकपणाचा त्यांना प्रथमच पश्चात्ताप झाला.

कवडू उंबऱ्यावर ऐसपैस बसला. “मंग येऊ द्या बाईंले. चाबी हिसकाले हत्यार नाही लागत.”

 गोपाळराव धडपडत मागच्या अंगणात गेले आणि भिंतीपलीकडे ओरडले, “मारोतराव! घरात चोर बसला आहे! बंदूक घेऊन या!”

भिंतीवर मारोतरावांचे पागोटे उगवले. “बंदूक तं पूजेत हाय ना, जी.”

“उत्तरपूजा करा आणि या!”

“आज? उद्याच्या आधी? सकाळी तुमीच तं सांगितलं का असं केलं तं पूजा फुकट जाते. सहावा मुद्दा होता.”

“सातवा,” गोपाळराव म्हणाले. “पण आता आपत्काल आहे.”

“म्हणजे एक बंदूक बाहेर ठेवाले पायजे होती?”

गोपाळरावांनी मागे वळून उंबऱ्याकडे पाहिले.

“एवढं म्हणा, का मारोतरावांचं बरोबर होतं. हे आत्ता नारळ फोडतो अन् येतो.”

माळ पेटीत होती, चावी वाटेवर होती, चोर दारात होता. गोपाळरावांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. “आपत्कालाने अपवाद उत्पन्न होतो,” ते अखेर म्हणाले, “मूळ नियम चुकीचा ठरत नाही.”

“मंग बसा नियम घेऊन!” पागोटे मावळले.

“म्या म्हणतो, म्हणून टाका ना, जी,” उंबऱ्यावरून कवडू आपुलकीने बोलला. “शेजाऱ्याशी कायले वाकडं घेता?”

“तू मध्ये बोलू नकोस! चोर आहेस, चोरासारखा बस!” गोपाळराव घरात परतत ओरडले.

इतक्यात फाटक वाजले. सुमती देवळातल्या मैत्रिणींत रेंगाळली होती. प्रयागबाई एकट्याच प्रसादाची वाटी घेऊन आल्या. कवडू उठला आणि दार अडवून उभा राहिला.

“बाई, चाबी द्या.”

“अहो, हा कोण?”

“चोर आहे,” गोपाळराव म्हणाले.

“आणि तुम्ही काय करताय?”

“मी त्याला... आमची चर्चा चालली होती.”

कवडूने चावीच्या जुडग्याकडे हात घातला. प्रयागबाईंनी प्रसादाची वाटी जोत्यावर ठेवली, दाराच्या कडेला उभी असलेली केरसुणी उचलली, आणि तिचा पहिला तडाखा कवडूच्या कानशिलावर बसला. दुसरा पाठीवर, तिसरा कुठे बसला हे मोजायला तो जागेवर राहिला नाही. जोडे घ्यायला खाली वाकला, तेव्हा चौथा बसला.

“हे पूजेत नाही काय, जी?” तो कळवळून ओरडला.

“तिची पूजा लक्ष्मीपूजनाला असते!” गोपाळराव ओरडले. चुकीचा प्रश्न निरुत्तर जाऊ देणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

जोडे टाकून कवडू पळाला. तो दोन गल्ल्या ओलांडून गेल्यावर मारोतराव अर्धवट आटोपलेल्या उत्तरपूजेचे कुंकू हाताला तसेच असताना बंदूक घेऊन धावत आले, “कुठी हाय तो?” असे गरजले, आणि उत्तराची वाट न पाहता आकाशात बार काढला. आकाशाच्या अलीकडे गोपाळरावांचे कौलारू छप्पर होते. पाच कवेलू फुटून अंगणात आले.

“मारोतराव! आज उत्तरपूजा? कोणत्या पोथीत आहे?”

“जीव वाचवाले आलो तं पोथी विचारता? तुमच्यासाठी माही पूजा मोडली गा म्या!”

ठाणेदार आले. त्यांनी पंचनामा लिहिला, स्वतःच वाचला, आणि पुन्हा वाचला. “म्हणजे बंदुका दोन. त्यातली एक जागची हलली नाही, दुसरी लागली कवेलूंना. चोराला काय लागलं?”

“केरसुणी,” प्रयागबाई म्हणाल्या.

आठ दिवसांत कचेरीचा कागद आला. ‘आत्मसंरक्षण केरसुणीने होऊ शकते असे पंचनाम्यावरून दिसते. सबब बंदुकीचा परवाना चालू ठेवण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा करावा. निर्णय होईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करावी.’ मारोतरावांनाही असाच कागद आला. त्यात कवेलूंचाही उल्लेख होता. गोपाळरावांनी संतापाने अकरा पाने खुलासा लिहिला. केरसुणी हे शस्त्र नसून गृहोपयोगी वस्तू आहे, आणि गृहिणीच्या पराक्रमाने गृहस्थाचा हक्क बुडत नाही, हे त्यात सिद्ध केले होते. उत्तर आले नाही. बंदुका ठाण्यातच राहिल्या, आणि माळ पेटीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रयागबाईंनी नवी केरसुणी चौरंगावर मांडली, तिला हळदकुंकू लावले, आणि जुनी टाकून द्यायला उचलली.

“थांब,” गोपाळराव म्हणाले.

“काय झालं?”

“जुनी असू दे. तिथेच. दाराच्या कडेला.”

प्रयागबाईंनी ती होती तिथे उभी केली. भिंतीपलीकडून आवाज आला.

“काय म्हणता, गोपाळराव? एक पूजेत, अन् एक बाहेर?”

गोपाळरावांनी भिंतीकडे पाठ केली आणि पणतीची वात पुढे सारली. “केरसुणी,” ते म्हणाले, “हे शस्त्र नव्हे. खुलाशाचे पान चौथे पाहा.”