काल झोप लागली का?

ज्या दवाखान्याच्या भिंतीवर मानांकनाच्या प्रमाणपत्राची चौकट नाही, तिथे माणूस बरा झाला तरी तो रीतसर बरा झाला असं म्हणता येत नाही. आमच्या वस्तीतल्या मनाच्या दवाखान्याला हे उमगलं, ते माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी.

त्याच वर्षी बायकोचे थोरले बंधू आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो. वहिनी गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रात्रभर भिंतीकडे बघत बसायचे. दवाखान्यात नेलं, तर सिस्टरनी मान वर न करता गोळ्या पुढे सरकवल्या. (मान वर करण्याबाबत तेव्हा नियम नव्हता.)

मग मानांकनासाठी तपासणी समिती येणार असं ठरलं. 'तुमची विचारपूस होते का?' असं ती रुग्णांना विचारणार होती. रुग्णांनी ऐनवेळी घोळ घालू नये म्हणून सिस्टर रोज विचारपुशीची तालीम घेऊ लागल्या.

"काका, काल झोप लागली का?"

"तुम्हाला काय करायचंय?" दादा खेकसले.

"मला नाही हो, समितीला करायचंय."

हे उत्तर दादांना प्रामाणिक वाटलं. ते बोलू लागले. पुढे जेवू लागले आणि अखेर घोरू लागले. दवाखान्याच्या हिशेबाने, तालमीच्या काळात शंभरातले एकाहत्तर रुग्ण सुधारले. (उरलेले तालमीला उशिरा येत.)

समिती आली, प्रसन्न झाली, चौकट लागली. ज्या कामासाठी प्रश्न होता ते झाल्यामुळे प्रश्न बंद झाला. आठवड्याभरात दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

"भाऊजी, पुढची तपासणी कधी?"

"तीन वर्षांनी."

"तोवर मी काही टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीकडे निनावी तक्रार केली: इथे कुणी विचारत नाही. फेरतपासणी जाहीर झाली. तालीम सुरू.

"काका, कोण हो हा मेला तक्रार करणारा?" सिस्टर चिडून म्हणाल्या.

"असेल कुणीतरी झोप न लागलेला."

"बरं, तुम्हाला लागली का?"

"आता लागेल."

तेव्हापासून एक तपासणी आटोपली की दादांची पुढची तक्रार तयार. इतक्या वेळा तपासला गेलेला आणि दरवेळी निर्दोष सुटलेला दुसरा दवाखाना नाही. त्याचं श्रेय व्यवस्थापन शिस्तीला देतं, आणि ते योग्यच आहे.

वाचकांना यात लबाडी दिसेल. दिसू द्या. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याला काल झोप लागली का, हे जागेवरून न उठता सांगा, मी कान पकडतो. (घाबरू नका, समिती घरोघरी येत नाही.)

दादा गेल्या वर्षी, थंडी संपता संपता, एका मंगळवारी पहाटे वारले. झोपेत.