फॉर्म सहावाले मुळेकाका

मतदानाच्या दिवशी टावर चौकात पोहे खायचे तर आधी मुळेकाकांना डावं बोट दाखवावं लागतं. ठेला त्यांचा नाही, पोहेवाला वैतागलेला, पण काका तिथे उभेच. "उंगली दाखव, मग खा." एकदा कॉलेजच्या पोरांनी स्केचपेनची रेघ ओढून आणली. काकांनी थुंकी लावून ती पुसून दाखवली. पोरं खी खी हसली, पोहे चापले आणि सिनेमाला गेली. मत गेलं चुलीत.

बँकेतून रिटायर झाल्यापासून हे एकच वेड. आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात कुणाला अठरावं सरलं की केक कापायच्या आधी काका फॉर्म सहा घेऊन हजर. मतदारयादीत नाव घालायचा तो फॉर्म. माझ्या भाचीच्या पार्टीत सगळे फोटोसाठी खोळंबलेले, आणि हा माणूस तिच्याकडे आधारची झेरॉक्स मागतोय! "यादीत नाव नाही, तर तू आहेस कुठे?" हे त्यांचं पालुपद.

मी शाळेत मास्तरीण, म्हणून यादी तपासायची ड्यूटी माझ्या गळ्यात. घरोघर जाऊन विचारायचं, कोण राहतं, कोण गेलं. लोक साधं पाणी विचारत नाहीत. काका मात्र हौसेनं बरोबर फिरायचे. हा इंदूरला गेला, काट. ती सासरी गेली, काट. गेलेल्याचं नाव ठेवणं म्हणजे बेईमानी, म्हणायचे. काकूंचं नाव त्यांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः काढून टाकलं होतं.

शेवटी त्यांचंच घर आलं. यादीत दोन नावं, ते आणि मुलगा निखिल. निखिल बारा वर्षं कॅनडात, आता तिथलाच नागरिक. सगळ्या गल्लीला माहीत. मला संतापच आला. जगाची बोटं तपासता आणि घरात हे? नाव काढायचा फॉर्म सात मी पुढे सरकवला.

"यंदा राहू दे, बेटा. येतो म्हणालाय."

"मागच्या वेळीही म्हणाला होता ना, काका?"

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांनी चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात फॉर्म भरून दिला. एकही खाडाखोड नाही.

निवडणुकीआधी त्यांची पर्ची, म्हणजे मतदाराची चिठ्ठी, द्यायला गेले. काकांनी बोटाला थुंकी लावली आणि पर्ची चोळून पाहिली, खाली दुसरी चिकटली आहे का म्हणून.

"एकच आहे, काका." हे सांगायची ड्यूटीही माझीच.